सांबऱ्याहून कोचीपर्यंत किनाऱ्याकाठाने: लहान विमानाच्या प्रवासाची आखणी

निपाणीच्या एका तरुण वैमानिकाने विचारलं आहे: खासगी वैमानिकाचा परवाना मिळून वर्ष होत आलं, लॉगबुकात ७० तास आहेत. मे महिन्याच्या सुट्टीत वडील आणि काका यांना घेऊन, चार आसनी सेस्ना १७२ एस विमानातून सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, किनाऱ्याकाठाने कोचीला जायचं आहे. सकाळी न्याहारी करून १० च्या सुमारास निघायचं, दुसऱ्या दिवशी परत यायचं. समुद्रावर इंजिन बंद पडलं तर काय, ही वडिलांना धास्ती आहे. तयारी कुठून सुरू करू?

जरूर जा. मी आयुष्यभर विमान चालवायला शिकवलं, आणि आपल्या भागातून करता येण्यासारखा याहून सुंदर प्रवास मला माहीत नाही. पण मे महिन्यात नको, १० वाजता नको, आणि तयारीची सुरुवात समुद्रापासून नको. या प्रवासात समुद्र हा तुलनेने सोपा भाग आहे. अवघड आहे तो घाट, जाताना एकदा आणि येताना एकदा. दुसरी अवघड गोष्ट पेट्रोल. या दोन्ही ठिकाणी कुठे आणि किती वाजता परत फिरायचं, हे घरी टेबलावर बसून कागदावर लिहिलं, की निम्मी तयारी झाली.

आधी महिना ठरवू. सांबऱ्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून जवळजवळ २,५०० फुटांवर आहे. मे महिन्यात सकाळी १० नंतर पारा ३५ अंशांकडे सरकतो. त्या उंचीवर प्रमाण तापमान १० अंश धरतात, आणि वरच्या प्रत्येक अंशाला धावपट्टीच्या उंचीत साधारण १२० फूट वाढवायचे. म्हणजे त्या हवेत विमानाला आपण ५,५०० फुटांवरून उड्डाण करतोय असं वाटतं. धावपट्टी लांब आहे, उचल मिळेल. पण समुद्रसपाटीला मिनिटाला ७०० फुटांहून जास्त चढणारं विमान तिथे पाचशेच्या आसपास येऊन रेंगाळतं, आणि पुढे डोंगर आहेत. तेच जानेवारीत सकाळी साडेसातला १६ अंशांत निघालात तर हिशेब ३,२०० फुटांचा येतो. शिवाय मे म्हणजे वळवाचे दिवस. दुपारी दोनला आकाश निरभ्र आणि चारला खानापूरकडून काळीभोर भिंत, हे आपण लहानपणापासून बघत आलोय. त्या ढगांच्या जवळपासही लहान विमान नेऊ नये. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा.

हिवाळ्यातही एक अडचण आहे, ती तुमच्याच गावाकडची. निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर या पट्ट्यात तेव्हा ऊसतोड चाललेली असते, तोडलेल्या फडातलं पाचट पेटवतात, गुऱ्हाळं धुमसत असतात. पहाटेची थंड हवा तो धूर जमिनीलगत दाबून धरते. नदीकाठी त्यात धुकं मिसळलं की साडेसातलाही दृश्यमानता ५ किलोमीटर भरत नाही, आणि दृश्य नियमांनी, म्हणजे बाहेर बघत, उडणाऱ्याला तेवढी लागतेच. अशा वेळी तासभर थांबा. पण साडेनऊपर्यंत निवळलं नाही, तर त्या दिवशी जायचं नाही. हा कागदावरचा पहिला आकडा.

आता नकाशा. बहुतेक जण सांबऱ्यावरून कुमट्यापर्यंत सरळ रेघ ओढतात, दांडेलीच्या पश्चिमेकडून, साधारण ८७ सागरी मैल (पुढचे मैलही सागरीच). दिसायला छान दिसते. पण ती रेघ कैगा अणुवीज केंद्राच्या शेजारून जाते, आणि तिथे आपल्याला उडायला बंदी आहे. मग काही जण रेघ आणखी पश्चिमेला सरकवून कारवार गाठतात, तर तिथे नौदलाचा कदंब तळ. गोव्याकडून वळसा घालावा, तर दाभोळी नौदलाच्या ताब्यातलं आणि मोपाची विमानं सतत ये-जा करणारी. यातलं काही अशक्य नाही. पण ७० तासांच्या वैमानिकाने पहिल्याच लांब प्रवासात हे सगळं अंगावर कशाला घ्यावं? मी सांगेन, यल्लापूर उजवीकडे ठेवून सरळ शिरसीला जा, साधारण ७५ मैल. तिथून होन्नावरला समुद्र गाठा, ३१ मैल. तिथून किनाऱ्याने मंगळूर, ८३ मैल. एकूण १९० च्या आत. आणखी एक फायदा असा, की बेळगावच्या पश्चिमेकडच्या चोर्ल्याच्या मानाने शिरसीकडचा घाट ठेंगणा आहे, आणि शिरसीपर्यंत हुबळीचा विमानतळ ४५ मैलांच्या आसपास राहतो. मंगळूर ते कोची पुन्हा १९१ मैल. दोन टप्पे जवळजवळ सारखेच, हे सोयीचं आहे.

बंदीच्या नेमक्या हद्दी एआयपीमधून, म्हणजे हवाई वाहतुकीच्या अधिकृत माहितीग्रंथातून, स्वतः काढून नकाशावर लाल पेन्सिलीने रंगवा. मोबाइलच्या अ‍ॅपवर विसंबणारा विद्यार्थी मी परीक्षेला पाठवत नसे. मुर्डेश्वरसमोरचं नेत्राणी बेट दिसायला मोहक आहे, पण नौदल तिथे गोळाफेकीचा सराव करत आलं आहे. फोटोसाठी तिकडे वळू नका. पुढे एळिमला इथे नौदलाची अकादमी, कोचीत गरुड हा नौदलाचा हवाई तळ. निघायच्या दिवशी सकाळी नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना, पुन्हा वाचा. फ्लाइट प्लॅन निदान तासभर आधी गेला पाहिजे. एअर डिफेन्स क्लिअरन्सचा (हवाई संरक्षणाच्या परवानगीचा) नंबर आणि एफआयसीचा (उड्डाण माहिती केंद्राचा) नंबर, दोन्ही गुडघ्यावरच्या पॅडवर लिहिलेले असल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही.

वडिलांच्या धास्तीकडे येतो. तिला आकड्यांनीच उत्तर देता येतं. तुमचं विमान इंजिनाविना तरंगत येतं तेव्हा दर १,००० फुटांना साधारण दीड सागरी मैल पुढे सरकतं. किनाऱ्यावर ५,५०० फुटांवर असाल तर कागदावर ८ मैल. त्यातले शेवटचे १,००० फूट जागा निवडायला सोडा, सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा तोंडावर येतो त्याचे आणखी थोडे कापा, गांगरण्यात जाणारे सेकंद धरा. तरीही ४ ते ५ मैल हातात उरतात. म्हणून किनाऱ्यापासून २ मैलांच्या आत राहा, म्हणजे वाळू कायम आवाक्यात. आता हेच गणित शिरसीच्या पश्चिमेला करा. तिथेही तुम्ही ५,५०० वरच आहात, पण खालची जमीन स्वतःच २,००० फुटांवर आहे. उरले ३,५००. म्हणजे ५ मैल, आणि त्या ५ मैलांत काय आहे? दाट रान, सुपारीच्या बागा, उतारावरची चिंचोळी भातखाचरं. वडिलांनी घाबरायचंच तर इथे घाबरावं. म्हणून सांबरा ते शिरसी ७,५०० फुटांनी जा, होन्नावरकडे वळताना ६,५०० वर या, आणि समुद्र दिसल्यावर ५,५०० वर. दृश्य नियमांत पूर्वेच्या अर्धवर्तुळातल्या दिशांना विषम हजार अधिक पाचशे आणि पश्चिमेच्या दिशांना सम हजार अधिक पाचशे अशा पातळ्या असतात, त्यातही हे नीट बसतं. कंट्रोलरने वेगळी पातळी दिली तर ती पाळायची, पण घाटावर खाली यायला सांगितलं तर कारण सांगून वरच राहू द्या अशी विनंती करायची. ते ऐकतात.

दक्षिणेकडे जाताना किनारा डाव्या हाताला ठेवायचा, म्हणजे तुम्ही पाण्याच्या थोडं वर. परततानाही किनारा डावीकडेच, म्हणजे तुम्ही जमिनीच्या वर. रस्ता, नदी, किनारा अशी कुठलीही रेघ धरून उडणाऱ्यांची ही जुनी रीत आहे. तिच्यामुळे समोरून येणारा आपल्या नाकावर येत नाही, आणि वैमानिक डावीकडे बसतो त्यामुळे त्याला रेघ नीट दिसते. खुणा तर इतक्या ठळक आहेत की नकाशा गुंडाळून ठेवावासा वाटेल, पण ठेवू नका. होन्नावरला शरावतीचं मुख आणि त्यावरचा कोकण रेल्वेचा दोन किलोमीटरहून लांब पूल. मग मुर्डेश्वरचं उंच गोपूर. पुढे मरवंते, तिथे महामार्गाच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी, वरून बघाल तर जन्मभर विसरणार नाही. मग मलपे बंदर आणि समोरची सेंट मेरीची बेटं, कापूचं दीपगृह, शेवटी न्यू मंगलोर बंदराचे समुद्रात गेलेले दोन बांध. प्रत्येक खुणेवर वेळ आणि उरलेलं पेट्रोल लिहा. तीन खुणांनंतर वाऱ्याने काय केलं ते कळतं.

हिवाळ्यात या किनाऱ्यावर धुरकटपणा असतो. खाली पांढुरकं पाणी, वर पांढुरकं आकाश, मधली क्षितिजाची रेघ पुसलेली. अशा वेळी उजवीकडे, समुद्राकडे बघत राहिलं की विमान सरळ आहे की कललंय ते शरीराला कळेनासं होतं. उपकरणांवर उडायचं रेटिंग नसलेल्या वैमानिकाला समुद्रावर खरा धोका आहे तो हा, इंजिनाचा नव्हे. नजर किनाऱ्यावर आणि उपकरणांवर आलटून पालटून ठेवा. किनाराही दिसेनासा व्हायला लागला तर जमिनीकडे वळा, तेवढ्यानेही उलगडा झाला नाही तर मागे फिरा.

तरीही पाण्यात उतरायची वेळ आलीच, तर त्याचा सराव जमिनीवर झालेला हवा. लाइफ जॅकेट आसनाखाली नको, अंगावर हवं, आणि विमानाच्या आत फुगवायचं नाही, कारण फुगलेलं जॅकेट माणसाला छताला चिकटवून ठेवतं. तरंगत उतरताना वेग ६८ नॉट (तासाला सागरी मैल), रेडिओवर १२१.५ ला मेडे ही मदतीची हाक, आणि रडारला विमानाची ओळख देणाऱ्या ट्रान्सपॉन्डरवर ७७०० हा संकटाचा आकडा. लाटांना छेदत जायचं नाही, लाटांच्या लांब फुगवट्याला समांतर, जमेल तितक्या कमी वेगाने टेकायचं. टेकायच्या आधी दारं किलकिली करून मध्ये बूट खोचायचा, म्हणजे चौकट वाकली तरी दार अडकत नाही. या विमानाची चाकं बाहेरच असतात, त्यामुळे ते पालथं होण्याची शक्यता बरीच, हे आधीच मनात धरायचं. मासेमारीच्या होडीजवळ उतरा, तुम्हाला पहिला हात तोच देणार. कारवारकडे कोकणी, खाली गेल्यावर तुळू, पण मोडकं कन्नड सगळीकडे चालतं, आणि ते आपल्याकडच्या माणसाला येतंच की. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर तिघांच्याही फोनमध्ये असू द्या.

जायच्या आधीच्या रविवारी वडिलांना आणि काकांना सांबऱ्याला बोलवा. उभ्या विमानात बसवा, डोळे मिटायला लावा, आणि पट्टा सोडून दार उघडून बाहेर यायला सांगा. एक हात दाराच्या कडेवर धरून ठेवायचा, दुसऱ्याने पट्टा सोडायचा. हात सुटला की पाण्याखाली दिशा हरवते. मी हे प्रत्येक प्रवाशाकडून करून घेत असे. पहिल्या खेपेला जवळजवळ कुणालाच जमत नाही, चौथ्या खेपेला सगळ्यांना जमतं. आणि एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे, घाबरणाऱ्या माणसाची भीती या सरावाने निम्मी होते. वडिलांना शब्दांनी समजावत बसू नका, हे करायला लावा.

आता पेट्रोल. तुमच्या विमानाला एव्हगॅस १०० एलएल लागतं. मोठ्या विमानांचं एटीएफ बहुतेक विमानतळांवर मिळतं, एव्हगॅस मिळत नाही. २०२२ पासून इंडियन ऑइल ते वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवते, त्याआधी सगळं आयात व्हायचं. तरीही ते विमान शाळा असतात अशा ठिकाणीच सहज सापडतं. मंगळूरला आणि कोचीला अमुक तारखेला इतके लिटर मिळतील, असं लेखी उत्तर हातात आल्याशिवाय तारीख ठरवू नका. बॅरल आधी पाठवून ठेवावं लागलं, तर सील आणि तारीख बघा, गाळून घ्या, भरताना स्वतः उभे राहा. एव्हगॅस निळं असतं, एटीएफ जवळजवळ बिनरंगी. शंका आली तर पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका. एव्हगॅस उडून जातं, एटीएफचा तेलकट डाग मागे राहतो. हे तपासायला अर्धं मिनिट लागतं. चुकीचं इंधन भरलेलं इंजिन मात्र सुरू होतं, धावतं, आणि उड्डाण झाल्यावर दगा देतं.

किती लागेल ते मांडू. जमिनीवरचा वेग १०५ नॉट आणि खप तासाला ३५ लिटर धरला, तर मंगळूरपर्यंत १ तास ५० मिनिटं, म्हणजे ६४ लिटर. टॅक्सी, म्हणजे धावपट्टीपर्यंत जमिनीवरून जाणं, आणि चढण ८. मंगळूरला उतरता आलं नाही तर कन्नूर ७३ मैल, २५ लिटर. वर पाऊण तासाचा राखीव साठा, २६. झाले १२३. कोचीच्या टप्प्यालाही, कोळिकोड पर्यायी धरून, तेवढंच येतं. आता वजन. रिकामं विमान साधारण ७८० किलो, उड्डाणाची मर्यादा १,१५७. हातात ३७७ किलो. तुमच्या विमानाचा नेमका आकडा त्याच्या कागदपत्रांत आहे, तोच धरा. तुम्ही ७०, वडील ८२, काका ९० असं समजू, बॅगा आणि कोचीच्या पाहुण्यांसाठी नेलेला कुंदा मिळून २०. उरले ११५ किलो, म्हणजे १६० लिटर. टाकीत मावतात २००. म्हणजे तिघं असताना टाकी पूर्ण भरताच येत नाही. १६० लिटर घेऊन निघालात तर मंगळूरला ८८ उरतात, पुढच्या टप्प्याला १२३ हवेत. मंगळूरला ३५ लिटर तरी मिळालंच पाहिजे, नाहीतर काकांना घरी राहावं लागेल. काकांना हे आठवडाभर आधी सांगणं सोपं असतं. धावपट्टीच्या कडेला उभं राहून सांगायची वेळ आली की माणूस म्हणतो, चला, बसेल. वजनाच्या बाबतीत हा शब्द कधीच उच्चारू नका.

मंगळूरचा विमानतळ टेकडीच्या माथ्यावर आहे, दोन्ही टोकांना उतार. धावपट्टीच्या तोंडाशी हवा खाली ओढते, आणि दरीवरून येताना आपण जास्त उंच आहोत असा भास होऊ शकतो. २२ मे २०१० ला तिथे १५८ माणसं गेली. विमान जास्त उंच, जास्त वेगात येत होतं, आणि परत वर जायचा निर्णय वेळेत झाला नाही. मोठं विमान असो की तुमचं, शेवटच्या ३०० फुटांवर वेग आणि उतार जागेवर नसतील तर पूर्ण शक्ती देऊन वर जायचं. दुसऱ्यांदा या.

परतीचा प्रवास लोक सोपा समजतात. येताना मात्र घाट चढायचा असतो, आणि उशीर झालेला असतो. ११ च्या सुमारास समुद्राकडून वारा सुरू होतो, दमट हवा घाटाच्या भिंतीवर चढते आणि ढग धरते. त्या ढगांचा तळ किती उंच असेल हे मंगळूरच्या हवामान अहवालातूनच काढता येतं. तापमानातून दवबिंदू वजा करा, ४०० ने गुणा. ३२ आणि २४ असेल तर ८ गुणिले ४००, म्हणजे ३,२०० फूट. घाटमाथा जागोजागी २,००० च्या पुढे, आणि त्यावर निदान १,००० फूट अंतर हवं. म्हणजे फट उरतच नाही. मी एकदा फेब्रुवारीत मंगळूरहून दुपारी अडीचला निघालो होतो. सोबत दोघे जण होते, त्यांना रात्री बेळगावात लग्नाला पोचायचं होतं. होन्नावरला वळलो तर शिरसीकडचा कडा पांढरा झालेला, एका दरीतून मात्र पलीकडचं ऊन दिसत होतं. ते दोघं त्या उजेडाकडे बोट दाखवत होते. मी मंगळूरला परतलो. लग्न चुकलं, त्यातल्या एकाने पुढे कित्येक महिने बोलणं टाकलं. पण दरीतून वर जाणारी वाट अरुंद होत जाते, आणि ज्या क्षणी कळतं की आता पार होणार नाही, तेव्हा वळायला जागा नसते. दरीत शिरायचं नाही. आधी किनाऱ्यावरच पूर्ण उंची घ्यायची, मग कड्याकडे ४५ अंशांत तिरकं जायचं, म्हणजे नको वाटलं तर थोडक्यात वळता येतं.

म्हणून परतीच्या दिवशी कोचीहून ७ ला, मंगळूरहून १० ला निघा. होन्नावरला ११ च्या आत पोचलात आणि कडा साफ दिसतोय, तर वळा. ११ वाजून गेले, किंवा कड्यावर एकही ढग टेकलेला दिसतोय, तर मंगळूर. तिथे एक रात्र काढायचे पैसे आणि औषधं बरोबर ठेवा, आणि दोन दिवसांच्या सुट्टीला एक दिवस जोडून घ्या, म्हणजे सोमवारी कामावर हजर व्हायचंय हे डोक्यात राहणार नाही. दृश्य नियमांत सूर्यास्तानंतर २० मिनिटांपुढे उडता येत नाही, हेही त्याच कागदावर लिहा.

कोचीला रात्री विमान उघड्यावर राहील. वेग मोजणाऱ्या पिटो नळीवर कव्हर घाला, कुंभारीण माशी एका रात्रीत आत माती भरते आणि मग सकाळी वेग दाखवणारा काटा हलत नाही. दमट हवेने टाक्यांत पाणी साचतं, पहाटे प्रत्येक निचऱ्यातून थोडं पेट्रोल काढून काचेत धरून बघा. घरी आल्यावर त्याच संध्याकाळी विमान गोड्या पाण्याने धुवा, बिजागऱ्या आणि चाकांभोवतीची जागा हाताने पुसून घ्या. काकांना त्या कामाला लावा, त्यांना आवडेल.

तारीख ठरली, की निघायच्या आदल्या संध्याकाळी मंगळूरचं तापमान, दवबिंदू आणि तुमचे चार आकडे मला कळवा: सांबऱ्याहून निघायची शेवटची वेळ, मंगळूरला उरणारं पेट्रोल, होन्नावरची वेळ, आणि तिघांचं काट्यावर उभं राहून घेतलेलं वजन. मी बघून घेतो.